सरावातली फेक स्पर्धेत कुठे जाते?

प्रश्न : मॅडम, मी डोंबिवलीला राहते आणि दादरच्या एका महाविद्यालयात एस.वाय.बी.कॉम.ला आहे. अकरावीत ३ किलोच्या गोळ्याने माझी फेक १२ मीटरच्या पुढे जायची. आता ४ किलोच्या गोळ्याने सरावातली सर्वोत्तम फेक १०.६० मीटर आहे आणि ग्लाईड (मैदानाकडे पाठ करून वर्तुळात मागे घसरत येणे) न करता, जागेवरून, ९.९० जाते. यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मात्र तीनपैकी दोन फेकी फाऊल झाल्या आणि जी एक धरली गेली ती ९.६८. वॉर्मअपमध्ये गोळा सहज दहाच्या पुढे जात होता. नाव पुकारले की छातीत धडधडते आणि कधी फेकले तेच कळत नाही. सर म्हणतात, ४५ अंशांत वर फेक आणि मनाने कणखर हो. मैत्रिणी म्हणतात, ग्लाईड जुना झाला, स्पिन, म्हणजे गोल फिरून फेकणे, शीक. जिममधला दादा पावडरचा डबा घे म्हणतो, तर आई म्हणते, खांदे मुलांसारखे होतील, आता पुरे कर. सर्कल, म्हणजे फेकीचे वर्तुळ, आम्हाला आठवड्यातून दोनच दिवस मिळते. मी नेमके काय सुधारू? की सरळ थाळीफेकीकडे वळू?

उत्तर : तुझ्या पत्रात तक्रारी बऱ्याच आहेत, पण मला त्यातले दोन आकडे सर्वांत बोलके वाटले. जागेवरून तू ९.९० मीटर फेकतेस आणि स्पर्धेत ग्लाईड करून ९.६८. हाताचा जोर लागण्याआधीच गोळ्याला वेग मिळावा, एवढ्यासाठीच ग्लाईड करायचा असतो. ज्यांचा ग्लाईड बसलेला आहे त्यांना जागेवरच्या फेकीपेक्षा मीटरभर, कधी त्याहूनही जास्त अंतर मिळते. तुला सरावातल्या सर्वोत्तम दिवशीही त्यातून ७० सेंटिमीटरच मिळाले आणि स्पर्धेत तर त्याने होते त्यातले २२ सेंटिमीटर काढून घेतले. तेव्हा मनाच्या कणखरपणाचा विषय थोडा मागे ठेवू. कच्ची राहिली आहे ती वर्तुळाच्या मध्यावर येऊन पाय टेकण्याची जागा, आणि माणूस घाईत असला की सर्वांत आधी तीच बिघडते.

त्याआधी तुझा एक हिशेबही दुरुस्त करायला हवा. १०.६० ही कित्येक दिवसांच्या, दर दिवशी वीस-तीस फेकींमधली एक सर्वांत लांब फेक आहे, आणि तिची तुलना तू तीनच फेकींशी करते आहेस. शिवाय सरावात स्टॉप बोर्डवर, म्हणजे वर्तुळाच्या पुढच्या कडेवरच्या पट्टीवर, पाय पडला का हे पाहायला कोणी उभे नसते, आणि टेपही बहुधा सोयीच्या जागेवरून लागते. नियमाप्रमाणे गोळा पडल्याच्या खुणेची वर्तुळाकडची सर्वांत जवळची कड घ्यायची आणि तिथून वर्तुळाच्या केंद्राच्या दिशेने टेप ताणून बोर्डच्या आतल्या कडेपर्यंत मोजायचे असते. या पद्धतीने, एक मैत्रीण लाल झेंडा घेऊन बोर्डजवळ उभी असताना, सहा वैध फेकी टाक आणि त्यांची सरासरी काढ. ती ९.८० ते १० च्या आसपास निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही. तसे झाले, तर स्पर्धेत तू मीटरभर कोसळली नव्हतीस, वीस-तीस सेंटिमीटर मागे राहिली होतीस, आणि एवढे अंतर एका हंगामात भरून काढण्याजोगे आहे.

आता मूळ दोषाकडे येते. तू उजव्या हाताने फेकतेस असे मी धरून चालते. डावखुरी असशील तर बाजू उलट कर. मोबाइल कमरेच्या उंचीवर, वर्तुळाच्या उजव्या बाजूला, फेकीच्या दिशेला काटकोनात ठेवून पाच-सहा पूर्ण फेकींचे चित्रण कर आणि एकच क्षण थांबवून पाहा : डावा पाय बोर्डजवळ टेकतो तो. त्या क्षणी गोळ्यापासून जमिनीकडे सरळ खाली एक रेघ आहे असे समज. ती रेघ उजव्या पायावर किंवा त्याच्याही मागे पडत असेल, पाठ अजून मैदानाकडे असेल आणि उजवा गुडघा वाकलेला असेल, तर पुढची सगळी फेक तुझ्या हातात आहे. मला मात्र वाटते की तुझ्या चित्रणात ती रेघ दोन्ही पावलांच्या मधोमध किंवा डाव्या पायाकडे सरकलेली दिसेल, छाती अर्धी वळलेली असेल आणि उजवा पाय जवळजवळ सरळ झालेला असेल. तसे असेल तर पाय जागेवर येण्याआधीच गोळा पुढे निघून गेलेला असतो, आणि त्याला ढकलण्यासाठी मागे एकटा हात उरतो.

लोकलला अचानक ब्रेक लागला की उभे प्रवासी पुढे झुकतात. डाव्या पायाकडून आणि डाव्या हाताकडून गोळाफेकीत हेच काम करून घ्यायचे असते. मागून वेगाने आलेले शरीर डाव्या बाजूने ताठ अडवले की तो वेग उजव्या खांद्यातून गोळ्यात जातो. यालाच ब्लॉक म्हणतात. वजन आधीच डाव्या पायावर येऊन पडलेले असेल तर अडवायला काही उरत नाही, शरीर तसेच पुढे जाते आणि तोल सावरताना पाय १० सेंटिमीटर उंचीच्या बोर्डवर चढतो. तुझ्या दोन फाऊलचे कारणही मला इथेच दिसते. म्हणून नुसते 'फाऊल टाळ' असे स्वतःला बजावून उपयोग नाही. तसे बजावले की मुली वेगच कमी करतात, आणि मग फेक वैध होते पण छोटी होते.

हे सुधारायला सर्कल रोज मिळायलाच हवे असे नाही. घराच्या गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात खडूने २.१३५ मीटर व्यासाचे वर्तुळ आखून घे, मधून फेकीच्या दिशेची रेघ ओढ आणि गोळ्याशिवाय ग्लाईड कर. (गोळा गच्चीवर नेऊ नकोस. खालच्या मजल्यावरचे काका पहिल्याच दिवशी वर येतील, आणि त्यांचे काही चुकणार नाही.) डाव्या हातात एक टॉवेल धर आणि त्याचे दुसरे टोक वर्तुळाच्या मागच्या बाजूला उभ्या राहिलेल्या भावाच्या किंवा मैत्रिणीच्या हातात दे, डावा पाय टेकेपर्यंत तिने तो हलका ताणून धरायचा. खांदे लवकर उघडले की टॉवेल हातातून ओढला जातो आणि चूक तुला त्याच क्षणी कळते, नंतर व्हिडिओ पाहण्याची वाट बघावी लागत नाही. ग्लाईड संपल्यावर दोन सेकंद तसेच थांबायचे आणि खाली पाहायचे : उजवे पाऊल वर्तुळाच्या मध्याजवळ थोडे आत वळून पडले का, डावे पाऊल रेघेच्या किंचित डावीकडे पडले का, आणि उजवा पाय उचलायला सांगितला तर तो चटकन उचलता येतो का. चटकन उचलता आला, तर वजन डाव्या पायावर गेले आहे. डावा पाय मागे झटकताना तो उंच फेकू नकोस. जमिनीलगत, बोर्डच्या दिशेने ताणत ने. उंच गेलेला पाय उशिरा टेकतो, आणि तेवढ्या वेळात गोळा पुढे निघून जातो.

सर्कल मिळेल त्या दोन दिवसांपैकी एका दिवशी निम्म्या फेकी थांबून करायच्या : ग्लाईड, पाय टेकले की क्षणभर थांबा, मग फेक. अंतर कमी जाईल आणि पहिले दोन आठवडे तुला चिडचिड होईल. या फेकींना टेप लावूच नकोस. दुसऱ्या दिवशी पूर्ण फेकी, पण त्याही मोजक्या. थकलेल्या पायांनी केलेली पंचविसावी फेक शरीराला चुकीचेच शिकवते, हे आपल्याकडच्या मैदानांवर फारसे कोणी मनावर घेत नाही. ज्याने जास्त फेकी टाकल्या त्याने जास्त मेहनत केली असे समजण्याची आपली जुनी सवय आहे.

सरांच्या ४५ अंशांविषयी. तो आकडा शाळेच्या भौतिकशास्त्रातला आहे आणि वस्तू जमिनीच्या पातळीवरून सुटत असेल तर बरोबरही आहे, पण गोळा सुटतो तो डोक्याच्याही वरून. समज, गोळा १.९ मीटर उंचीवरून, सेकंदाला ९ मीटर वेगाने आणि ३७ अंशांत सुटला, तर हवेचा विचार न करता अंतर सुमारे ९.९५ मीटर येते. त्याच वेगाने कोन ४५ केला तर ते १० सेंटिमीटर कमी होते, आणि ३३ केला तर १५ सेंटिमीटर. प्रत्यक्षात ४५ अंशांत फेकायला गेले की गोळा वर उचलण्यातच ताकद जाते आणि वेगही घटतो, म्हणून चांगल्या गोळाफेकपटूंचे कोन ४० अंशांच्या खालीच असतात. आता कोन ३७ वरच ठेवून वेग पाच टक्क्यांनी वाढव : अंतर ८० सेंटिमीटरहून जास्त वाढते. तेव्हा सध्या कोनाचा विचार सोड. उजवा पाय खालून नीट लागला आणि डावी बाजू ताठ राहिली तर कोन बराचसा आपोआप जमतो. सरांशी यावर वाद घालू नकोस. थांबवलेले चित्र त्यांना दाखव आणि 'सर, इथे माझे वजन कुठे आहे ते बघा ना' एवढेच विचार. शिकवणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर चित्र असले की बोलणे सोपे जाते.

स्पिनबद्दल मैत्रिणी म्हणतात ते अगदीच खोटे नाही. पुरुषांमध्ये आज वरच्या क्रमांकांवर बहुतेक फिरून फेकणारेच दिसतात आणि रायन क्राऊझरचा २०२३ मधला २३.५६ मीटरचा विश्वविक्रमही स्पिनचाच आहे. पण महिलांचा विश्वविक्रम, नताल्या लिसोव्हस्कायाचा १९८७ मधला २२.६३ मीटर, ग्लाईडचा आहे आणि तो अजून कोणी मोडलेला नाही. तुझ्यासाठी खरा प्रश्न जागेचा आहे. स्पिन शिकायला गुळगुळीत काँक्रीटचे वर्तुळ जवळजवळ रोज लागते, मुंबईत मैदानाच्या मातीवर पाऊल फिरवायला गेलीस तर गुडघा आधी फिरेल. आठवड्यातून दोन दिवस मिळणाऱ्या सर्कलवर तू वर्षभर ना धड ग्लाईड करशील ना धड स्पिन. ग्लाईडमधून मीटरभर मिळू लागेपर्यंत हा विषय बंद ठेव. पैसे खर्च करायचेच असतील तर फेकीचे सपाट तळव्याचे बूट घे, कारण धावण्याच्या बुटांचे खाचे काँक्रीटवर अडकतात आणि उजवे पाऊल हवे तेव्हा वळत नाही.

ताकदीच्या बाबतीत जिममध्ये मुलींना डंबेल आणि मुलांना बेंच प्रेस देण्याची पद्धत आहे. दोन्ही तुला अपुरे आहे. स्क्वॉट आणि क्लीन (वजनाचा दांडा जमिनीवरून झटक्यात खांद्यापर्यंत उचलणे) हे दोन व्यायाम जाणकाराकडून नीट शिकून घे, आठवड्यातून दोनदा कर, आणि त्यांना ३० मीटरच्या वेगवान धावांची व जागेवरून लांब उडीची जोड दे. महिन्यातून एकदा पाठमोरी उभी राहून, दोन्ही हातांनी डोक्यावरून गोळा मागे फेक आणि तेवढे अंतर लिहून ठेव. ते वाढत असेल आणि मुख्य फेक वाढत नसेल, तर दोष तंत्रात आहे. तेही वाढत नसेल तर पायांत ताकद कमी आहे.

मनाकडे आता येते, आणि तिथेही मला उपदेशापेक्षा व्यवस्था बरी वाटते. 'कधी फेकले तेच कळत नाही' हे तुझे वाक्य मी दोनदा वाचले. नाव पुकारल्यावर नियमाने एक मिनिट मिळते, आणि तू बहुधा त्यातली दहा सेकंदेही वापरत नाहीस. आणखी एक नियम बऱ्याच मुलींना ठाऊक नसतो : हालचाल सुरू केल्यावर जमत नाही असे वाटले, तर कोणताही फाऊल झालेला नसल्यास आणि वेळ शिल्लक असल्यास, थांबता येते, गोळा खाली ठेवता येतो, बाहेर जाऊन पुन्हा आत येता येते. बाहेर पडायचे ते वर्तुळाच्या मागच्या अर्ध्या भागातून, एवढे लक्षात ठेव. हे माहीत असले की तो 'आता आत आलेच आहे तर टाकूनच मोकळी होते' असा घायकुतेपणा कमी होतो.

क्रम ठरवून टाक आणि गच्चीवरच्या कोरड्या, म्हणजे गोळ्याशिवायच्या, सरावातही तोच ठेव. गोळा फडक्याने पुसायचा, मागच्या बाजूने आत यायचे, गोळा मानेला लावायचा, उजवे पाऊल पक्के टेकवायचे, एक श्वास पूर्ण सोडायचा आणि मनात एकच शब्द म्हणायचा. तुझ्यासाठी मी 'पाठ' हा शब्द सुचवते, म्हणजे पाय टेकेपर्यंत पाठ मैदानाकडेच राहू दे. त्या वेळी कोपर, कोन, बोट, बोर्ड यांतले काहीही आठवायचे नाही, आणि बाहेरून कोणी 'जोर लाव' म्हणून ओरडले तरी ऐकू आले नाही असे धरायचे. छातीतली धडधड जाणार नाही आणि ती जाण्याची गरजही नाही. फेकीला ती उपयोगीच पडते, फक्त तिच्यामुळे तू मिनिटातली सेकंदे गमावू नयेस.

वॉर्मअपमध्ये दहाच्या पुढे गोळा गेला याचा तुला अभिमान वाटला, मला मात्र काळजी वाटली. चांगल्या फेकी तू तिथेच टाकून आलीस आणि मग बहुधा उन्हात अर्धा-पाऊण तास बसून राहिलीस. स्पर्धेच्या दिवशी जागेवरून दोन आणि ग्लाईडसह दोन फेकी पुरेत. नंतर सावलीत राहायचे, पाणी घ्यायचे आणि आपल्या आधीच्या तिसऱ्या मुलीचे नाव आले की उठून दोन-तीन उड्या आणि एक कोरडा ग्लाईड करायचा. याचाही सराव लागतो. पंधरवड्यातून एकदा तीनच फेकींची स्पर्धा मैत्रिणींमध्ये लाव, दोन फेकींमध्ये दहा मिनिटे जाऊ दे, झेंडा आणि टेप ठेव, आणि हरणारीने सगळ्यांना वडापाव द्यायचा.

पहिली फेक पूर्ण तंत्राने पण थोडी हातची राखून कर, म्हणजे खात्यावर एक वैध आकडा पडेल. मोठ्या स्पर्धांत पहिल्या तीन फेकींनंतर आठ जणींनाच पुढच्या तीन मिळतात, आणि तिथपर्यंत पोचल्यावर मोकळेपणाने जोर लावता येतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये भालाफेकीच्या अंतिम फेरीत नीरज चोप्राच्या सहापैकी पाच फेकी फाऊल होत्या. वैध ठरली ती एकच, दुसरी, ८९.४५ मीटरची, आणि तिनेच रौप्यपदक दिले. आपला गोळाफेकपटू तजिंदरपाल सिंग तूर याने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी २०.३६ मीटरची फेक सहाव्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात केली. पहिली फेक फाऊल झाली म्हणून तुझी स्पर्धा तिथे संपत नाही. मात्र तुला तीनच फेकी मिळतात हे धरून पहिली सांभाळ.

३ किलोच्या गोळ्याचे १२ मीटर वहीतून काढून टाक. तो १८ वर्षांखालील मुलींचा गोळा होता. एक किलो वाढल्यावर अंतर कमी होणारच, त्यात तुझी अधोगती झालेली नाही. भारतीय महिलांमध्ये आभा खटुआने २०२४ मध्ये केलेली १८.४१ मीटरची फेकही याच ४ किलोच्या गोळ्याची आहे, एवढे लक्षात घेतलेस तरी वर किती जागा मोकळी आहे ते कळेल.

पावडरचा डबा घेऊ नकोस. त्यात काय मिसळले आहे याची खात्री जिममधला दादा देऊ शकत नाही, आणि नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, चाचणीत काही सापडले तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, कोणी दिले हे सांगून सुटका होत नाही. जेवणाच्या डब्यात दोन अंडी किंवा पनीर, उसळ, दही, शेंगदाण्याचा लाडू, आणि सकाळची लोकल पकडायच्या आधी पोटात काहीतरी, एवढे आधी नियमित कर. आईचे म्हणणे काळजीपोटी आहे, पण खांदे रुंद होण्याला मी दोष मानत नाही, आणि तूही मानू नकोस. तिला एकदा मैदानावर घेऊन ये आणि टेपचे एक टोक तिच्या हातात दे.

राहिली थाळीफेक. हात लांब असतील तर १ किलोची थाळी तुला मानवेलही, आणि महाविद्यालयाने दोन्ही प्रकारांत नाव दिले तर नाही म्हणू नकोस. पण गोळा अडला म्हणून थाळीकडे पळू नकोस, कारण डाव्या पायाने अडवण्याची जी गोष्ट तुला इथे जमत नाही तीच तिथेही लागते. शिवाय थाळीला जाळीचा पिंजरा आणि समोर मोकळे मैदान हवे. क्रिकेटचे चार सामने एकमेकांत मिसळून चाललेल्या मैदानावर ती एकदाही हातातून सोडायची नाही. सर जिथे पिंजरा आणि ठरलेली वेळ मिळवून देतील तिथेच, आणि तेही गोळ्याचे दोन दिवस तसेच ठेवून.